मुतखड्याला देखणं चित्र लागत नाही

२०२१च्या उन्हाळ्यात, करोनाच्या लाटेत, महाराष्ट्रात घरोघरी एकच विचारणा होती : स्कोअर किती आला? छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, काढायचा, पंचवीसपैकी आकडा बघायचा आणि बेडसाठी फोन फिरवायला लागायचं. त्याच मे महिन्यात ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या देशव्यापी संघटनेनं लगेच प्रतिवाद केला : हल्लीच्या अगदी कमी डोसच्या सीटीत पाच-दहा एक्स-रेंइतकेच किरण लागतात.

तीनशे कुठे आणि पाच कुठे! पण हिशेब मांडून पाहिला तर दोन्ही आकडे निघतात. मिलिसिव्हर्ट हे डोस मोजायचं माप. छातीचा एक्स-रे ०.०२ मिलिसिव्हर्टचा आणि सीटी ६ मिलिसिव्हर्टचा धरा, तीनशे येतात. समोरून आणि बाजूनं असे दोन एक्स-रे मिळून ०.१ धरा आणि सीटी अर्ध्या मिलिसिव्हर्टात उरकला असं माना, पाच येतात. (माती, हवा, अवकाश यांच्याकडून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतातच.) सीटीचा डोस यंत्रावर छापून येत नसतो. दर वेळी तो कोणीतरी ठरवतं, आणि ठरवताना खरा प्रश्न असतो तो चित्र किती चांगलं हवं, हा.

किरण कणाकणांनी येतात. पावसाचे पहिले थेंब अंगणात पडतात तेव्हा एका फरशीवर चार पडतात, शेजारच्या फरशीवर नऊ. सर जोरात आली की साऱ्या फरशा सारख्याच भिजतात. किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर हेच होतं. किरण कमी पडले की चित्र रवाळ दिसतं. मात्र डोस निम्मा केला म्हणून रवाळपणा दुप्पट होत नाही, चाळीसेक टक्क्यांनी वाढतो. तो दुप्पट व्हायला डोस पाव करावा लागतो. काटकसरीला वाव आहे तो या वर्गमुळाच्या हिशेबामुळे.

आता मुतखडा घ्या. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात आणि रवाळ चित्रातही पांढरेशुभ्र चमकतात. पोटाच्या नेहमीच्या सीटीला आठ-दहा मिलिसिव्हर्ट लागतात. खडा शोधायला तीनच्या आत भागतं. शिवाय हे दुखणं उलटणारं, म्हणजे रुग्ण पुन्हा येणार. यकृतातल्या लहान गाठीचं तसं नाही. तिची छटा भोवतालच्या यकृताहून जेमतेम वेगळी असते, आणि रवाळपणा वाढला की ती त्यात हरवून जाते. तिथे कंजुषी केली तर तपासणी वाया जाते आणि दिलेला थोडका डोसही फुकट जातो. त्यामुळे ‘पोटाचा सीटी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी अपुरी असते. काय शोधायचं आहे हे तिच्यात नसेल, तर पलीकडचा माणूस सावधगिरी म्हणून देखणं चित्रच काढणार.

यंत्रंही आता बरीच हुशार झाली आहेत. खांद्यांच्या आडव्या रेषेत किरणांना भरपूर हाड ओलांडावं लागतं, समोरून कमी. म्हणून यंत्र आधी एक साधं आराखड्याचं चित्र घेतं आणि त्यावरून फिरता फिरता करंट, म्हणजेच किरणांचा मारा, कमी-जास्त करत राहतं. हा सगळा हिशेब रुग्ण बरोबर मध्यावर आहे असं गृहीत धरून चालतो. टेबल चार-पाच सेंटिमीटर वर-खाली राहिलं, की आराखड्यात माणूस आहे त्याहून जाड किंवा बारीक दिसतो आणि करंटही चुकतो. टेक्निशियन लेसरची रेघ जुळवत बसतो, तेव्हा कृपया ‘किती वेळ?’ म्हणू नये.

याच हुशारीमुळे एक जुनी सवयही मोडीत निघाली. रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाचं आवरण टाकणं ही वर्षानुवर्षांची रीत. २०१९मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं ती थांबवा असं सांगितलं. शरीराच्या आत विखुरणारे किरण बाहेरच्या शिशानं अडत नाहीत. आवरण चुकून चित्राच्या टापूत आलं, तर ते हवा तो भाग झाकतं आणि यंत्र समोर काहीतरी जाडजूड आहे असं समजून डोस वाढवतं.

घोटाळा केवढा होऊ शकतो, हे २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात दिसलं. पक्षाघाताच्या संशयितांच्या मेंदूच्या सीटीत ठरल्याच्या आठपट डोस जात होता. दीड वर्ष, दोनशेहून जास्त रुग्ण. यंत्र बिघडलेलं नव्हतं, सेटिंग बदललेलं होतं. उलगडा झाला तो एका रुग्णाचे केस गळू लागले तेव्हा! फिल्मच्या जमान्यात किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची आणि चूक तिथेच पकडली जायची. डिजिटलमध्ये डोस वाढला की चित्र उलट छान येतं. छान चित्राबद्दल तक्रार कोण करणार?

उरलेली काटकसर गणितात आहे. चित्राचा अंदाज बांधायचा, त्यातून किरण कसे गेले असते ते काढायचं, प्रत्यक्षाशी ताडायचं, पुन्हा दुरुस्त करायचं, ही रीत सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीच सुरुवातीला वापरली होती. संगणकांना ती झेपेना म्हणून ती मागे पडली आणि २००९च्या सुमारास नव्या रूपात परतली. आता कृत्रिम बुद्धिमत्ताही रवाळपणा पुसते. तिच्याबद्दल मी थोडा साशंक आहे, कारण पुसणाऱ्याला रवा कुठला आणि बारीक गाठ कुठली हे दर वेळी कळेलच असं नाही.

भीती किती बाळगावी? युरोपातल्या ९ देशांत, लहानपणी किंवा ऐन तारुण्यात सीटी झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास लोकांचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या डोसनुसार दहा हजार मुलांचा सीटी काढला, तर पुढच्या बारा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचे एक ते दोन रुग्ण जास्त संभवतात. डोक्यावर पडून बेशुद्ध झालेल्या मुलाचा स्कॅन टाळावा असा हा आकडा नाही. सर्दीपोटी सायनसचा सीटी काढण्याआधी मात्र तो आठवावा.

सीटीच्या खोलीत काम करणाऱ्यांच्या छातीवर डोस मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि त्यांना वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. रुग्णाला अशी मर्यादा नाही; घालताही येणार नाही, कारण गरज पडली तर चार स्कॅनही काढावे लागतात. पण त्यामुळे त्याच्या डोसची बेरीजही सहसा कोणी ठेवत नाही. ती आपण ठेवू शकतो. स्कॅनच्या सीडीत बहुधा शेवटी एक तक्ता असतो, त्यात ‘डीएलपी’चा, म्हणजे त्या स्कॅनच्या एकूण किरणांचा, आकडा. मोठ्या माणसाच्या छातीसाठी त्याला ०.०१४नं गुणलं की ढोबळ मिलिसिव्हर्ट मिळतात : ४३०चे सहा, १५०चे दोन. एकाच भागाच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर बहुधा प्लेन, कॉन्ट्रास्ट आणि उशिराची अशा वेगवेगळ्या फेऱ्या झाल्या आहेत आणि डोसही तितक्या वेळा गेला आहे. कित्येक आजारांत एक फेरी पुरते. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडीही न्यावी आणि ती त्यांच्या संगणकावर उघडते का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं. न उघडलेल्या सीडीपायी तोच स्कॅन दुसऱ्यांदा निघतो.