नटून निघालेली माणसं

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अभ्यंगस्नान झालं, चकलीचा तुकडा तोंडात टाकला, आता गणपतीचं दर्शन घेऊन येतो, ही घरात सांगायची कारणं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. नवे कपडे घालून दिसायचं असतं आणि इतर कसे दिसतात ते बघायचं असतं. वर्षभर चुरगळलेल्या टी-शर्टात वावरणारा मुलगा त्या दिवशी कडक इस्त्रीच्या झब्ब्यात येतो आणि आपण जरा वेगळे चालतोय हे त्याचं त्यालाच कळतं. ठाण्यात हीच गर्दी राम मारुती रोडला आणि तलावपाळीला होते. आता तिथे गाण्यांचे मंच असतात, पुढाऱ्यांचे फलक असतात, पण गर्दी त्यांच्यासाठी येत नाही. गर्दी गर्दीसाठी येते.

मराठी मध्यमवर्गाने हे इतक्या उघडपणे करावं याचं मला कौतुक वाटतं, कारण नटण्याकडे संशयाने बघण्यात आपला हात धरणारं कोणी नव्हतं. मुलगी आरशासमोर चार मिनिटं जास्त रेंगाळली की स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, ‘कुठे चाललीस एवढी नटून?’ नटायला निमित्त लागतं आणि ते निमित्त दुसऱ्या कोणीतरी मंजूर करावं लागतं, अशी या प्रश्नामागची समजूत. लग्न, मुंज, हळदीकुंकू ही मंजूर निमित्तं. उगाच, मजेखातर, स्वतःला बरं वाटावं म्हणून हे नामंजूर. गेल्या शंभरेक वर्षांत ही मंजुरी देणारे बदलत गेले, आणि नटण्यातून मिळणारा आत्मविश्वास कपड्यापेक्षा या बदलातून आला, असं मला वाटतं.

मंजुरीची अजब कथा बालगंधर्वांपासून सांगावी लागते. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुढची दोन-अडीच दशकं मराठी घरातल्या बाईने कसं नेसावं, केसांत फुलं कशी माळावीत, पदर कसा घ्यावा हे एका पुरुषाने ठरवलं. ‘मानापमान’ नाटकात भामिनी झालेल्या बालगंधर्वांचं नेसणं प्रेक्षागृहातल्या बायका डोळ्यांत साठवून घरी न्यायच्या. त्याच काळात घरंदाज बाईने रंगभूमीवर पाऊल ठेवणं म्हणजे घराण्याला बट्टा. स्त्रीचं नटणं कलेच्या शिखरावर पोचलं, ते स्त्रीला बाहेर ठेवून. बालगंधर्वांच्या सुरांबद्दल आपण भरभरून लिहितो. त्यांच्या शालूंकडे मात्र श्रीमंती थाट म्हणून बघतो आणि पुढे जातो. पहिल्या रांगेतल्या एखादीच्या मनात, हे मला शोभलं असतं, हा विचार आला नसेल असं कसं म्हणावं?

दुसरी कथा महाडची. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे मनुस्मृती जाळली गेली, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांसमोर स्वतंत्रपणे बोलले, ते कमी सांगितलं जातं. अस्पृश्य बाई दुरून ओळखू यावी अशी तेव्हा नेसण्याची आणि दागिन्यांची पद्धत होती. लुगडं आखूड, पोटऱ्या उघड्या, गळ्यात गळसऱ्यांची गर्दी, हातांत कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या. या खुणा टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. चळवळीतल्या सवर्ण स्त्रियांनी त्यांना नव्या पद्धतीने नेसायला मदत केली आणि परिषदेतच लुगडी घोट्यापर्यंत उतरली. कापड तेच, अंगही तेच. निऱ्या चार बोटं खाली आल्या आणि शेकडो वर्षांचा एक नियम मोडला. नटणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं म्हणणाऱ्याला मी महाडला पाठवते. सूट-बूट-टाय घातलेले बाबासाहेब गावोगावच्या पुतळ्यांत उभे असतात, तेही त्याच हिशेबातले.

या दोन कथांच्या मानाने नवरात्रातल्या नऊ रंगांची गोष्ट अगदीच हलकीफुलकी, पण कमी महत्त्वाची नाही. या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ने रोजचा रंग जाहीर करायला आणि त्या रंगातल्या बायकांचे फोटो छापायला सुरुवात केली. त्याला शास्त्राधार नाही, वारावरून ठरवलेले रंग आहेत, हे दरवर्षी कोणीतरी खुलासा करून सांगतं आणि दरवर्षी तो खुलासा वाया जातो. जांभळ्याच्या दिवशी सकाळी लोकलच्या लेडीज डब्यात शिरावं. वांगी रंगापासून फिक्या लव्हेंडरपर्यंत सगळं जांभळ्यात जमा. कोणाकडे साडी नाही, तिने शेजारणीची ओढणी घेतलीय. बँकेतली कॅशियर, पोलीस चौकीतली शिपाई, पालिकेची सफाई कामगार, शाळेतली मुख्याध्यापिका आणि तिथली मावशी एकाच रंगात, एकाच फोटोत. एरवी या फोटोत मावशी उभी राहिली नसती, राहिली तरी मागे.

रंगाने बायकांना आयती ढाल दिली. एवढी नटून कुठे, याला उत्तर तयार झालं : मी कुठे, आज सगळ्याच. एकटीने लाल साडी नेसून ऑफिसात गेलं तर चौकशी होते. चाळीस जणी गेल्या की सण होतो. एकटीला न जमणारी गोष्ट घोळक्यात जमते आणि एकदा जमली की मग एकटीलाही जमू लागते. यात जाच आहेच. घरात करडा कपडा नाही म्हणून घाईघाईने घेतलेला कुर्ता पुन्हा अंगाला लागत नाही, आणि नेसून न येणारीला ‘काय गं, आज रंग नाही?’ हे ऐकावं लागतं. मंजुरी नवऱ्याकडून, सासूकडून सुटली ती काही अंशी मैत्रिणींच्या ग्रुपकडे गेली, हेही खरं.

पैठणीचं राजकारण याहून जुनं. येवल्याच्या हातमागावर पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी हाताने फिरवतात. म्हणून अस्सल पदराची पाठ आणि पोट सारखं दिसतं. मोर, मुनिया, आसावली, कमळ. भरगच्च पदराला महिनोन्‌महिने लागतात, किंमत त्याप्रमाणे. म्हणूनच मराठी घरात पैठणी नेसण्यापेक्षा ठेवण्यात जास्त वर्षं काढते. ट्रंकेत, मलमलीत गुंडाळून, भावाच्या मुलाच्या लग्नाची वाट बघत. २००४ मध्ये टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि सूत्रसंचालक आदेश बांदेकर पैठणी घेऊन थेट दारात आले. कार्यक्रमाच्या नावातली खुशामत टीकाकारांनी बरोबर पकडली. घरच्या मंत्र्याला खातं स्वयंपाकाचंच. तरीही जे दिसलं ते दिसलं. सगळा गाव बघतोय आणि मधोमध ती उभी आहे, नवरा पाहुण्यासारखा बाजूला. खेळ फुगे फोडण्याचा असेल, मान मात्र खरा होता. पुढे २०२२ मध्ये त्याच्याच ‘महामिनिस्टर’ पर्वासाठी अकरा लाखांची पैठणी आणली, तेव्हा मला गंमत हरवल्यासारखी वाटली. अकरा लाखांचं वस्त्र नेसून बाई बसणार कुठे? तिला पुन्हा ट्रंकच.

खरा बदल शिलाई मशीनने केला. नऊवारी नेसता न येण्याची लाज दोन पिढ्यांनी बाळगली होती. कमरेची गाठ, निऱ्या, ओचा, केळं, कासोटा, आणि नेसवणारी एखादी मावशी, जी वेळेला दुसऱ्याच कार्यालयात अडकलेली. आता शिंपी कंबर, सीट आणि उंची मोजतो आणि सलवारीसारखी पायात चढवायची नऊवारी शिवून देतो. ब्राह्मणी, पेशवाई, कोल्हापुरी, मस्तानी, हवी ती. यातली शेवटची अर्थातच २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटानंतर जोरात आली. जाणकार नाकं मुरडतात. मुरडोत. कासोट्याचं लुगडं मुळात शेतात वाकणाऱ्या, मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या बायकांचं, पाय मोकळे ठेवणारं वस्त्र. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा आणि गॉगल घालून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो आता दर वर्षी पहिल्या पानावर असतात. ही यात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, मग गिरगाव, ठाणे, पुणे, नाशिक. बुलेट नवी असेल, तिच्यावर बसण्याची सोय त्या कासोट्यात आधीपासून आहे.

दागिन्यांचंही तसंच. नाक न टोचता लावायची चापाची नथ, एक ग्रॅमची ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, तयार खोपा आणि त्यावर कागदी वाटू नये इतका बेमालूम गजरा. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा दादरच्या रानडे रोडला तासाभरात बाई नखशिखांत सजू शकते, तेही लॉकर न उघडता. ‘जय मल्हार’ मालिका सुरू होती तेव्हा म्हाळसेचे आणि बानूचे दागिने फुटपाथवर मिळत होते. खऱ्या सोन्याने बाईला भीती दिली : हरवेल, कोणी ओढेल, जाऊबाईच्या वाटणीत जाईल. खोट्याने खेळ दिला. सराफांनी रागावू नये, पण नटण्यातली मजा स्वस्त झाली ती या खोट्यामुळे.

कपड्याने माणूस आतून बदलतो का, यावर प्रयोगही झाले आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी काही जणांना एकच पांढरा कोट दिला. काहींना सांगितलं हा डॉक्टरचा, काहींना सांगितलं चित्रकाराचा. डॉक्टरचा म्हणून घालणाऱ्यांचं लक्ष अधिक एकाग्र झालं, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर गाजला. पुढे २०१९ मध्ये त्या शोधनिबंधातला एक प्रयोग दुसऱ्यांनी मोठ्या गटावर करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. प्रयोगशाळेतल्या कोटाला बघणारं कोणी नव्हतं. फडके रोडवर बघायला सगळी डोंबिवली असते.

पुरुषांचं काय? त्यांच्या नटण्याला मराठीत आजवर ‘रुबाब’ म्हणून सूट होती. पण ती सूटही शर्ट-पँटीत विरघळली होती. लग्नात नवरदेव सजायचा, बाकीचे सफारीत. आता कार्यालयाच्या दारात फेटेवाला बसलेला असतो. तो डोक्याचा अंदाज नजरेनेच घेतो, कापडाचं एक टोक गिऱ्हाइकाला धरायला लावतो, पीळ देत देत दोन मिनिटांत तुरा काढतो आणि मान वळवून पुढच्याला बोलावतो. एरवी कपड्यांविषयी बोलायला लाजणारे काका पुढचा अर्धा तास प्रत्येक काचेत डोकावतात. त्यांना कोणी विचारत नाही कुठे निघालात म्हणून. ही सवलत बायकांना उशिरा मिळाली, एवढंच.

परदेशातल्या मराठी मंडळांत तर हे सगळं दुप्पट उत्साहाने चालतं. उत्तर अमेरिकेतल्या, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या दर दोन वर्षांच्या अधिवेशनाला हॉटेलच्या लिफ्टमधून पैठण्यांचा आणि फेट्यांचा ओघ उतरतो. थंडीतल्या दिवाळीला पैठणीवर जाड कोट, पायात बूट आणि पिशवीत कोल्हापुरी. सभागृहाच्या दाराशी अदलाबदल.

मला खुपतं ते वेगळं. हळद पूर्वी जुन्या साडीवर लागायची, कारण डाग जात नाही. आता हळदीला पाहुण्यांनीही नवं पिवळं घ्यायचं, मेंदीला हिरवं, संगीताला चमचमतं. ज्याच्या घरी एका महिन्यात तीन लग्नं आहेत त्याला विचारा. आणि मेकअपवाली बाई अजूनही सावळ्या मुलीला दोन छटा उजळ करून बसवते, मान मात्र मूळ रंगाची राहते. ती मुलगी फोटोत स्वतःला शोधते तेव्हा आत्मविश्वासाची गोष्ट तिच्याशी कशी बोलायची?

मंजुरी नाकारण्याची सगळ्यात क्रूर रीत आपल्याकडे विधवांसाठी राखून ठेवली होती. बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, आणि पुढे जन्मभर हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावाने गावची जीभ लगेच गप्प होत नाही. पण बाईच्या कपाळाची टिकली हा ग्रामसभेचा विषय झाला, आणि निकाल तिच्या बाजूने लागला.

शहरांत बायकांनी ठरावाची वाट न बघता मंगळागौरीचे ग्रुप काढलेत. पन्नाशी-साठीच्या, कोणी निवृत्त, कोणी आजी, काही एकट्या राहिलेल्या. श्रावणात बोलावणी येतात, पाकीट ठरलेलं असतं. मंगळागौर मुळात नव्या नवरीची, पण फुगडी, झिम्मा, पिंगा घालायला गुडघे बांधून याच उभ्या. तालमीला उशीर चालतो, साडीच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. सगळ्यांची एकसारखी, खोपे एकाच उंचीचे, नथ डावीकडेच. पुढच्या श्रावणासाठी रंग कोणता यावरून अशा ग्रुपांत दिवाळीतच खटके उडायला लागतात. एक बाजू राणी रंगाची, दुसरी चिंतामणीची, आणि अबोली सुचवणारी एक असतेच, जिचं कोणी ऐकत नाही. राणी फोटोत उठून दिसतो, चिंतामणी सगळ्यांच्या अंगाला शोभतो, हे दोन्ही पक्षांचे मुद्दे. मत विचारलं तर मी चिंतामणीच्या बाजूची, काठ मात्र मोतिया नको, लालच हवा.