वस्तू राहतील, जाणते राहतील काय?

पुण्यास येणाऱ्या प्रवाशांच्या कार्यक्रमात शनिवारवाडा, पर्वती आणि सारसबाग यांच्या जोडीला बाजीराव रस्त्याजवळील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नाव बहुधा असते. मात्र त्याच्या वाट्याला येतो तो दोन ठिकाणांमधला उरलासुरला तास. मंडळी घाईघाईने जिने चढतात, काचेच्या कपाटांवरून नजर फिरवतात आणि ‘जुन्या वस्तू छान जपल्या आहेत’ एवढा अभिप्राय देऊन पुढच्या ठिकाणी जातात. या संग्रहालयास सबंध एक दिवस द्यावा, आणि तो एकट्याने न देता एखाद्या मित्राच्या सोबतीने द्यावा, असे कोणी सुचविले तर ती निव्वळ हौस वाटण्याचा संभव आहे. परंतु हे संग्रहालय कोणत्या जातीचे आहे याचा विचार केला तर येथे सोबत ही चैन नसून गरज आहे, असे दिसून येईल. ती गरज भागविण्यास हाती असलेला काळही आता थोडाच उरला आहे.

आपल्याकडील मोठी संग्रहालये बहुतेक दोन प्रकारांनी उभी राहिली. एक प्रकार राज्यकर्त्यांच्या पुढाकाराचा. मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसली आणि ते १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. दुसरा प्रकार धनिकाच्या संग्रहाचा. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय हे त्याचे ठळक उदाहरण. निजामाचे एकेकाळचे दिवाण तिसरे सालारजंग यांनी जमविलेला खजिना त्यांच्या निधनानंतर १९५१ साली जनतेसमोर आला. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षक विद्यार्थ्याच्या भूमिकेत असतो. गांधार शैलीतील मूर्ती किंवा युरोपातील घड्याळ यांविषयी त्याला स्वतःचे असे काही सांगावयाचे नसते. पाटीवर लिहिले असेल ते वाचावे आणि पुढे जावे.

केळकर संग्रहालयाचा प्रकार निराळा आहे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहिणारे कवी. त्यांच्यामागे ना संस्थानाची तिजोरी होती, ना सरकारी खाते. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास प्रारंभ केला आणि पत्नी कमलाबाई यांच्या साथीने तो उद्योग आयुष्यभर चालविला. लहानपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले. १९६२ साली संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली आणि १९७५ साली हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार वस्तू प्रेक्षकांसमोर मांडलेल्या आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाच्या अवशेषांसारखी राजवैभवाची खूणही तेथे आहे. तथापि संग्रहाचा गाभा आहे तो अडकित्ते, पानपुडे, दौती, दिवे, कुलपे, फण्या, करंडे, वज्री, खेळणी आणि स्वयंपाकघरातील भांडीकुंडी यांचा. म्हणजे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील घरसंसाराचा.

या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळची बाजारपेठ ध्यानात घ्यावयास हवी. पितळेची वा तांब्याची जुनी वस्तू घरात नकोशी झाली की ती मोडीत जात असे. मोडीचा भाव धातूच्या वजनावर ठरतो. अडकित्त्याच्या मुठीवर मोर घडविलेला आहे की ती मूठ सपाट आहे, समईचा दांडा कोरीव आहे की साधा, याला त्या व्यवहारात काडीची किंमत नसते. म्हणजे कारागिराने वस्तूत घातलेले श्रम आणि कौशल्य बाजाराच्या लेखी शून्यावर येत आणि शेवटी शिल्लक राहत असे ते तागडीतले वजन. पुढे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील घरोघरी शिरले आणि पितळेला वरचेवर लागणाऱ्या कल्हईची कटकट संपली. गृहिणीची सोय झाली, यात शंका नाही. परंतु त्याच वेळी पिढ्यानपिढ्यांची भांडी भट्टीच्या वाटेला लागली. वजनाखेरीज आणखीही काही मोजण्यासारखे आहे, हे ओळखून मोडीच्या दुकानाशी स्पर्धा करणारा एक कवी पुण्यात निघाला, हे या शहराचे भाग्यच म्हणावयाचे.

अशा संग्रहात सोबतीला काय महत्त्व येते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, प्रवासास निघालेले दोन मित्र या दालनांतून फिरत आहेत. एक मालवणकडचा, दुसरा लातूरकडचा. शेवया पाडण्याच्या साच्यापाशी दोघेही थबकतील. मालवणकराला आठवेल तो घरचा लाकडी शेवगा, त्यात दाबून काढलेले तांदळाचे शिरवाळे आणि त्याबरोबरचा गूळ घातलेला नारळाचा रस. लातूरकराला आठवतील उन्हाळ्यात अंगणातील बाजेवर वाळत घातलेल्या गव्हाच्या शेवया आणि त्यासाठी एकमेकींच्या घरी आळीपाळीने जमणाऱ्या बायका. एकाला वज्रीचा उपयोग ठाऊक नसेल, तर दुसरा सांगेल की न्हाणीघरात टाचा घासण्यासाठी ती असे. एक विचारील की दिव्याला साखळी कशासाठी. दुसरा तुळईला टांगलेल्या लामणदिव्याचे वर्णन करील. पाहता पाहता दुपार टळून जाईल आणि दोघांनाही पाटीवर नसलेल्या कितीतरी गोष्टी कळलेल्या असतील.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर भाकरी वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. माहितीचे तसे नाही. ती वाटल्याने देणाऱ्याचे काही उणे होत नाही आणि घेणाऱ्याची भर पडते. घरगुती वस्तूंच्या संग्रहालयात प्रत्येक प्रेक्षक थोडाफार जाणता असतो आणि त्याची जाणकारी त्याच्या प्रांताची, जातीची, व्यवसायाची व घराण्याची असल्यामुळे दुसऱ्याहून वेगळी असते. मात्र हा व्यवहार बोलण्यातच होतो आणि बोलण्याबरोबर विरून जातो. दोघे मित्र संध्याकाळी बाहेर पडले की त्यांनी एकमेकांना सांगितलेले सारे त्यांच्याबरोबर निघून जाते. ज्या संस्थेच्या छपराखाली ते बोलले गेले, तिच्या दप्तरी त्याची नोंद नसते.

येथेच काळाचा प्रश्न उभा राहतो. १९५० साली दहा वर्षांची असलेली आणि रोज चुलीपुढे, पाट्यावरवंट्यापाशी वावरणारी मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. तिच्या मुलीने या वस्तू माळ्यावर पाहिल्या. नातीने त्या पाहिल्या असल्या तर काचेआड. धातू आणि लाकूड काळजी घेतल्यास आणखी दोनशे वर्षे टिकेल. वस्तू कशी धरावयाची, कोणत्या ऋतूत बाहेर काढावयाची, ती कोणी हाताळावी आणि कोणी हाताळू नये, तुटली तर कोणाकडे न्यावयाची, हे ज्ञान मात्र माणसाच्या आयुष्याएवढेच टिकते. त्याचे पुढील दहा-पंधरा वर्षांत जे होईल ते कायमचे होईल.

याची जाण अन्यत्र फार पूर्वी आली. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस या गृहस्थांनी, यंत्रयुगाच्या रेट्यात खेड्यांतील जुने जीवन नाहीसे होत असल्याचे पाहून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या घरांतील वस्तू गोळा केल्या. त्यांतून स्टॉकहोमचे नॉर्डिक संग्रहालय उभे राहिले आणि १८९१ साली स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय. नॉर्डिक संग्रहालयाने पुढे गावोगावच्या जाणत्यांकडे प्रश्नावल्या पाठवून कामाच्या पद्धती, सण आणि चालीरीती यांची माहिती लिहून घेतली. आपल्याकडेही अशी दृष्टी नव्हती असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारीची घडण नोंदवून ठेवली. पुण्यातच १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जुनी दप्तरे वाळवीच्या तोंडून सोडविली. कागदांसाठी जे झाले आणि वस्तूंसाठी केळकरांनी जे केले, ते आता वस्तू वापरणाऱ्यांच्या आठवणींसाठी व्हावयास हवे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागेल असे नाही. पुण्यात महाविद्यालयांची वाण नाही. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विषयांचे विद्यार्थी पाळीपाळीने संग्रहालयात बसले, वृद्ध प्रेक्षकांशी बोलले आणि वस्तूच्या क्रमांकासह त्यांचे सांगणे ध्वनिमुद्रित करून ठेवू लागले, तर काही वर्षांत एक अमोल दप्तर तयार होईल. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत श्रमदानाबरोबर याही कामास स्थान देता येईल. कोठारातील वस्तूंचा काही भाग पाळीपाळीने जिल्ह्याच्या ठिकाणी नेला, तर पुण्यापर्यंत प्रवास न झेपणाऱ्या आजीबाईंपर्यंत संग्रहालयच पोहोचेल.

आठवणी दगा देतात, त्यांवर इतिहास रचू नये, असा आक्षेप यावर जाणकार घेतील. तो खोटा नाही. परंतु उपाय आहे तो अनेकांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहण्याचा; त्या मुळातच न लिहिण्याचा नव्हे. दुसरा आक्षेप पैशाचा येईल. तिकिटाच्या उत्पन्नावर असे काम होणार नाही, हे उघड आहे. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना होतो आणि जिच्यासाठी पैसे मोजण्यास कोणी एकटा पुढे येत नाही, तिचा भार समाजाने सामुदायिक रीत्या उचलावयाचा असतो. सार्वजनिक खर्चाचे याहून रास्त समर्थन दुसरे कोणते असणार?

या विचाराला आणखी एक बाजू आहे. ज्या हातांनी ही भांडी घडविली ते सारेच हात इतिहासजमा झालेले नाहीत. केळकर संग्रहालयापासून फार दूर नसलेल्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर मठाराचे काम करणारे कारागीर आजही आहेत. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन वसलेल्या घराण्यांची ती परंपरा. पुण्याने १८९० साली लॉर्ड रे यांच्या नावे जे संग्रहालय काढले, ते मुळात औद्योगिक संग्रहालय होते. घोले रस्त्यावरील त्याच संस्थेस १९६८ पासून महात्मा फुले यांचे नाव आहे. देशी कारागिरी नुसती पाहण्याची वस्तू नसून उपजीविकेचा प्रश्न आहे, हे न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीला ठाऊक होते. काचेआडच्या घंगाळाचे कौतुक करणाऱ्या समाजाने ते घडविणाऱ्याच्या वंशजास मात्र वजनावर मजुरी द्यावी, हा मोडीच्या दुकानाचाच न्याय झाला. महिन्यातून एखादा दिवस तांबट, बुरूड, कुंभार यांना संग्रहालयात मानाने बोलावून त्यांच्याकडून जुन्या वस्तूंची घडण समजावून घेतली, तर पाट्यांवरचा मजकूरही सुधारेल आणि त्यांच्या हातच्या मालास चार नवी गिऱ्हाइकेही मिळतील.

तोपर्यंत प्रवाशांनी आपल्यापुरते करावे असे एवढेच आहे. पुण्यास येताना या संग्रहालयासाठी तास नव्हे, दिवस राखावा. दुसऱ्या प्रांतातला मित्र असल्यास त्याला बरोबर घ्यावे. घरात वृद्ध आई, मावशी वा आत्या असेल तर तिला अगत्याने आणावे, आणि तिने एखाद्या कपाटापाशी थांबून बोलावयास सुरुवात केली तर पुढच्या ठिकाणाची घाई न करता ते उतरवून घ्यावे.