ही बाटली कुणाच्या पाण्याची?

चिपळूणजवळून वाहणारी वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते. मिळते कसली, रोज भांडते! भरती आली की समुद्र नदीला मागे रेटत पार गोवळकोटपर्यंत घुसतो. सुकती लागली की नदी त्याला पिटाळून लावते. (सुकती म्हणजे ओहोटी. कोकणातला हा शब्द मला फार आवडतो.) दिवसातून दोनदा हा खेळ.

आता समजा, पाणी तपासायला तुम्ही होडीतून मधोमध गेलात आणि बाटली भरलीत. त्यात नदी किती, समुद्र किती? सकाळचं उत्तर दुपारी चालत नाही. म्हणून वहीत तारखेशेजारी वेळ, भरती की सुकती, आणि उधाण असेल तर तेही लिहायचं.

बरं, वरवरचं पाणी घेऊन भागत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. असं पाणी जड, ते गुपचूप तळाशी सरकतं. तिथलं पाणी आणायला दोन्ही टोकांना उघडी नळी दोरीने खाली सोडतात. मग दोरीवरून एक वजन घसरत जातं आणि टक्! झाकणं बंद. तळाचं पाणी कैद!

माशांना त्या पाण्यात श्वास घेता येईल का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिटरभर स्वच्छ गोड्या पाण्यात जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. चिमूटभर मिठाहूनही कितीतरी हलका! खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. तो मोजायची युक्ती 1888 साली विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने काढली. तेव्हा तो होता 25 वर्षांचा.

बाटली काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा नको. दोन औषधं घातली की आत तपकिरी साका धरतो. प्राणवायू सापडला! (नसेल तर साका पांढराच राहतो. तेव्हा समजायचं, मासे संकटात.) आम्ल घातलं की साका विरघळून आयोडीन सुटतं. त्यात स्टार्च टाकला की गडद निळा रंग. बटाट्यावर आयोडीन टाकलं की होतो ना, तोच. मग हायपो (आयोडीनचा रंग घालवणारं रसायन) थेंब थेंब सोडायचा. एका थेंबाला निळा रंग गायब! जितका हायपो लागला, तितका प्राणवायू.

त्याच पाण्याची दुसरी बाटली गच्च बंद करून अंधारात ठेवतात, 27 अंशांना, तीन दिवस, आणि मग उरलेला प्राणवायू मोजतात. सांडपाणी मिसळलं असेल तर जीवाणू त्या घाणीवर ताव मारतात आणि तेवढाच प्राणवायू फस्त करतात. थंड विलायतेत ही चाचणी 20 अंशांना, पाच दिवसांची. आपल्या उबेत जीवाणूंना भूक भराभर लागते!

राहिला पहिला प्रश्न. महाबळेश्वरहून येणाऱ्या कोयना नदीचं पाणी खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण त्यातलं बरंचसं बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीकडे वीज करून वाशिष्ठीत उतरतं. म्हणजे ऐन मे महिन्यातल्या तुमच्या बाटलीत अरबी समुद्र असतो, वाशिष्ठी असते आणि गेल्या वर्षी महाबळेश्वरला पडलेला पाऊसही!