साडेसहा मिनिटांचे पाणी

मुंबई महापालिका शहराला दिवसाला सुमारे 385 कोटी लिटर पाणी पुरवते. हे पाणी टँकरने आणायचे ठरवले, तर 10 हजार लिटरचे 3 लाख 85 हजार टँकर लागतील. एकामागे एक उभे केले तर मुंबईहून निघालेली रांग दिल्लीला वळसा घालून जवळजवळ परत मुंबईला येईल. तीही एका दिवसाची! दर सेकंदाला साधारण साडेचार टँकर रिकामे होतात.

सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन छोटे तलाव तेवढे मुंबईत आहेत. बाकीचे सगळे पाणी शेजाऱ्यांकडून येते. ऊर्ध्व वैतरणा तर नाशिक जिल्ह्यात आहे. जवळजवळ निम्मा भार एकट्या भातसावर. ते पाणी नदीवाटे पिसे येथे येते, तिथून पंपाने पांजरापूरला चढवतात, शुद्ध करतात आणि मग मोठमोठ्या जलवाहिन्यांतून ते शहराची वाट धरते.

'मुंबई' म्हणून आपण जे ओळखतो ते एक शहर आता राहिलेलेच नाही. महानगर प्रदेश सुमारे 6,300 चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे गोव्याच्या पावणेदोन पट. त्यात महापालिका नऊ. 2001 ते 2011 या दहा वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या जेमतेम साडेचार लाखांनी वाढली, तर त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची 29 लाखांनी. कोविडच्या आधी लोकलने रोज 75 लाखांवर प्रवास होत. बदलापूरच्या माणसाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचेपर्यंत आपण किती महापालिका ओलांडल्या, हे विचारले तर सांगता येणार नाही. त्याला त्याची गरजही नाही.

पाण्याला मात्र हद्दी कळतात. प्रत्येक शहराचा स्रोत वेगळा, कोटा वेगळा, मे महिन्यातली ओरड वेगळी. नवी मुंबईकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, म्हणून ती निर्धास्त. शेजारच्या शहरांना बारवी आणि उल्हास नदीच्या पाण्याची वाटणी करून घ्यावी लागते. उल्हासचे उन्हाळ्यातले पाणीही बरेचसे घाटावरचे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे, खरे तर भीमेकडे जाणारे, पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली उतरते आणि उल्हासला मिळते.

तरीही शेजाऱ्यांना एकत्र येता येते, याचा पुरावा याच नदीकाठी आहे. ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांनी मिळून चालवलेली 'स्टेम' ही पाणीपुरवठा कंपनी उल्हासचे पाणी उचलते आणि भागीदारांना वाटते. वितरणावरून कुरबुरी होतात. पण पंप एक, वाहिनी एक, खर्चात सगळ्यांचा वाटा. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. त्याची चर्चा जितकी व्हायला हवी तितकी होत नाही, याची खंतही वाटते.

कारण या भागीदारीच्या बाहेर ठाणे जिल्ह्यातलाच शहापूर तालुका आहे. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे याच तालुक्यात. एप्रिल-मेमध्ये तिथल्या पाड्यांवर टँकर येतो, पाइप विहिरीत सोडतो, आणि बायका काठावर उभ्या राहून दोर टाकून ते गढूळ पाणी शेंदतात. फडक्यातून गाळतात, मग हंडा डोक्यावर. या गावांसाठी पाणी आणायची योजना आहे ती इगतपुरीच्या भावली धरणातून. उशाला असलेल्या भातसातून नव्हे.

आता हिशेब करू. 2011 च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांहून थोडी अधिक होती. ग्रामीण भागासाठी सरकारी मापदंड माणशी दिवसाला 55 लिटर. म्हणजे सगळ्या तालुक्याला रोज सुमारे पावणेदोन कोटी लिटर पुरतील. मुंबईच्या वाहिन्यांतून तेवढे पाणी जायला किती वेळ लागतो? साडेसहा मिनिटे.

पाडे उंचावर आहेत, पाणी वर चढवायला पंप लागतील, वीजबिल येईल, हे खरे. पण तो खर्च एकट्या शहापूरच्या ग्रामपंचायतींनी का सोसायचा? धरणाचे पाणी पिणाऱ्या शहरांनी तो वाटून घ्यावा, आणि 'स्टेम'सारख्या भागीदारीत धरणाच्या तालुक्यालाही मत असावे.