कमाई आणि पदवी

मुलांनो, बारावीनंतर अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पुढे शिकायचे, की घराला हातभार लावण्यासाठी कामाला लागायचे? या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतील का?

गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली काम शिकणारा शागीर्द तुम्ही पाहिला असेल. तो काम करता करता हुन्नर मिळवतो. पण त्याला पदवी मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली अशा शिकाऊ उमेदवारीला विद्यापीठाच्या पदवीची जोड देण्यात आली.

तिथे उमेदवार आधी एखाद्या कंपनीत किंवा रुग्णालयात नोकरीला लागतो. त्याला पगार मिळतो. कामाच्या वेळेतूनच शिक्षणासाठी काही वेळ राखून ठेवलेला असतो. कोणी आठवड्यातून एक दिवस विद्यापीठात जातो, तर कोणी सलग काही आठवडे वर्गात बसतो. हे शिक्षण साधारण तीन ते सहा वर्षे चालते. अभ्यासाबरोबर कामातील कौशल्यही तपासले जाते. मगच पदवी मिळते. परिचारिका, अभियंते, संगणकतज्ज्ञ या मार्गाने तयार होतात.

मग फी कोण भरते? तिथल्या इतर विद्यार्थ्यांसाठी २०२५-२६ या वर्षाची फी ९,५३५ पौंडांपर्यंत होती. उमेदवाराला मात्र फी द्यावी लागत नाही. तिची सोय मालक आणि सरकार करतात. त्यासाठी २०१७ साली मोठ्या मालकांवर पगारखर्चाच्या अर्धा टक्का कर बसवण्यात आला.

ही वाट सोपी नाही. आधी नोकरी मिळवावी लागते. कामावरून थकून आल्यावरही पुस्तक उघडावे लागते.

आपल्या देशात शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारीचा काळ जोडण्याची मुभा दिली. इथे मात्र आधी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा लागतो. उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते.

अशा अभ्यासक्रमाला नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर विचारा. पदवी कोणते विद्यापीठ देणार? विद्यावेतन किती आणि किती महिने मिळणार? करार लेखी आहे का? उत्तरे नीट मिळाली, तरच सही करा.

मुलांनो, मुलींनो, घरासाठी कमावणे ही अभिमानाची गोष्ट आहे. पण हाताला काम मिळाले म्हणून शिक्षण सोडू नका.