मांजरपाट : मागापासून माजघरापर्यंत

भिवंडी हे आपल्या राज्यातील यंत्रमाग उद्योगाचे एक प्रमुख केंद्र होय. तेथील मागांवरून उतरणारे बरेचसे कापड कोरे असते व रंगाई-छपाईसाठी बाहेरगावी जाते. या कोऱ्या कापडातील साधे सुती कापड म्हणजे आपल्या परिचयाचा मांजरपाट. बाजारात त्याला फारसा मान नाही. घरात मात्र त्याच्याइतके कामास येणारे वस्त्र क्वचितच आढळेल.

खरेदी करताना ते सुतीच आहे याची खात्री करून घ्यावी. आज मागांवर कृत्रिम धाग्याचे कापडही मोठ्या प्रमाणावर विणले जाते. कडेचे चार धागे चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळून कठीण गुठळी बनते. गरम भांडी उतरविण्यासाठी असे वितळणारे फडके धोक्याचे, आणि तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठीही ते नकोच.

कोरे कापड लगेच बेतू नये. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. त्यामुळे कापड ताठ राहते, पाणीही नीट शोषत नाही. ते रात्रभर भिजवून, धुण्याचा सोडा घालून उकळावे व स्वच्छ पाण्यात खळबळून काढावे. मागावर ताणलेला ताणा या वेळी आखडतो, म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. एवढे न करता शिवलेला उशीचा अभ्रा पहिल्याच धुण्यात तोकडा होतो, आणि बोल लागतो शिंप्याला!

अभ्रे, गादीच्या खोळी, बाजारहाटाच्या पिशव्या हे नव्या मांजरपाटाचे उपयोग. विरल्यावर तोच चक्का टांगण्यास, चूर्ण वस्त्रगाळ करण्यास, गोधडीच्या अस्तरास येतो. शेवटी त्याचे पोतेरे होते.

परंतु त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग पाणी गाळण्याचा. नारूचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या पोटात असतात आणि हे जीव कापडात अडकतात. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत म्हणूनच गावोगावी पाणी गाळून पिण्यावर भर देण्यात आला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतूही पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. येथे नव्यापेक्षा जुने कापड सरस ठरते. वारंवार धुतल्याने धागे फुलतात व विणीतील छिद्रे बारीक होतात.

गाळणे किमान चारपदरी असावे. मोकळे सुटे जंतू त्यातून निसटतात, तेव्हा गाळलेले पाणी उकळूनच प्यावे. गाळण्याची एकच बाजू नेहमी वर ठेवावी आणि वापरानंतर ते धुऊन कडक उन्हात वाळवावे.