श्वास आणि ओलावा
आनापानसतीला बसल्यावर आपण नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहतो. श्वसनाचे मुख्य कार्य मात्र आत, फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांच्या पातळ, ओलसर पडद्यांवर घडते. प्राणवायू प्रथम त्या ओलाव्यात विरघळतो, मग रक्तात उतरतो. गांडुळाला फुप्फुसे नसतात. त्याची ओली त्वचाच श्वसन करते. म्हणून उन्हात ती सुकताच ते गुदमरते. हवेत पाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू असूनही मासा बाहेर काढताच तडफडतो; कारण त्याच्या कल्ल्यांचे नाजूक तंतू एकमेकांना चिकटतात आणि सुकू लागतात. अवयव निराळे, गरज एकच. पावसानंतर फरशीवर वळवळणारे गांडूळ उचलून ओल्या मातीत सोडणारा विद्यार्थी श्वसनसंस्थेचा धडा खऱ्या अर्थाने शिकलेला असतो.